एक तबकडी, अनेक सुया

रुंद चाकोरीत अरुंद धावेचे चाक पडले, तर ते तळाच्या धोंड्यांवर आदळते. अरुंद चाकोरीत रुंद चाक शिरत नाही, काठ मात्र ढासळतात. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याच्या मुलास हे सांगावयास नको. ध्वनिमुद्रिकेवरील सुईची गोष्ट हुबेहूब अशीच आहे.

मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीची चाकोरी रुंद असते. तिला टोकाची त्रिज्या इंचाच्या सुमारे ३ सहस्रांश असलेली सुई लागते. १९४८ साली अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची दीर्घ मुद्रिका निघाली. तिला १ सहस्रांशाची अथवा त्याहूनही बारीक सुई हवी. पुढे स्टीरिओ मुद्रिका आल्या. त्यांत चाकोरीच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे ध्वनी कोरलेले असल्याने सुई आडवी तशीच उभीही हलते. ७८ फेऱ्यांच्या बहुतेक मुद्रिकांत उभ्या हालचालीत गाणे नसतेच, असते ती धूळ व झीज. म्हणून त्यांस केवळ आडवी हालचाल टिपणारे कार्ट्रिज, म्हणजे सुई, चुंबक व तारेचे वेटोळे धारण करणारी इवलीशी पेटी, लाविले असता बरीचशी खरखर नाहीशी होते.

आणखी एक मौजेची गोष्ट. ग्रामोफोनच्या पोलादी सुयांनी भिंतीचा एकच पट्टा झिजविलेला असतो. किंचित जाड वा बारीक सुई घेतली, तर ती न झिजलेल्या भागावर टेकते आणि गेला म्हणून समजलेला आवाज परत येतो.

हे ज्ञान आम्हांस फार उशिरा झाले. आमच्या वडिलांच्या पेटीत १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची एक मुद्रिका होती. आम्ही तिच्यावर दीर्घ मुद्रिकेची सुई ठेविली. कचराच अधिक ऐकू आला. दोष तबकडीच्या मळाचा समजून आम्ही ती मद्यार्काने पुसली! लाख मद्यार्कात विरघळते, हे आम्ही त्याच आठवड्यात वर्गात शिकविले होते.

मग प्रत्येक वेळी कार्ट्रिज बदलावे काय? बदलता येते, परंतु दर खेपेस सुईचा भार ग्रॅमच्या अंशापर्यंत तोलावा लागतो व कोनही जुळवावा लागतो. मुद्रिका कोरणारे यंत्र सरळ रेषेत सरकते, तर टोनआर्म, म्हणजे सुईचा बाहू, खुंट्याभोवती कमानीत फिरतो. म्हणून उत्तम जुळणीतही सुई दोनच ठिकाणी अगदी बिनचूक असते. शिवाय ताठ सुईस जड बाहू मानवतो, लवचिक सुईस हलका. यास्तव शौकीन लोक एकाच फिरत्या तबकाभोवती दोन-तीन बाहू बसवितात व प्रत्येक बाहू एकदाच जुळवून ठेवितात.

खोडदची रेडिओ दुर्बीण आमच्या विद्यार्थ्यांनी पाहिली असेलच. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या प्रत्येक तबकावर निरनिराळ्या लहरींचे ग्राहक फिरत्या बैठकीवर बसविलेले आहेत. तबक एकच, जी लहर ऐकावयाची, तिचा ग्राहक समोर आणावयाचा.

सर्वांनी तीन बाहू विकत घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्याजवळ दीर्घ मुद्रिकाच आहेत, त्यास एक पुरे. दोन्ही प्रकार असतील, तर ज्याचे टोक काढता-घालता येते असा एकच बाहू व दोन टोके घ्यावीत. खर्च पुष्कळ वाचतो. ज्या पालकांच्या माळ्यावर लाखेच्या तबकड्या पडून असतील, त्यांनी त्या उभ्या ठेवाव्यात, मऊ ब्रशाने झाडाव्यात, आणि वाजविण्यापूर्वी एकदा आम्हांस दाखवाव्यात. मद्यार्काची बाटली मात्र दूर असू द्यावी.