वस्तूंचा समतोल : तंजावरची बाहुली आणि स्टँडवरची मोटारसायकल

कावेरी नदीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले तंजावर हे शहर मराठी वाचकास परके नाही. इ. स. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनी तेथे राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत ते भोसले घराण्याच्या नावाने चालले. तेथील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते जतन केलेली आहेत. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ साली कोरविलेला मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो.

या शहराची एक बाहुली फार प्रसिद्ध आहे. राजा किंवा राणीच्या रूपात रंगविलेली ही बाहुली बोटाने ढकलली तर आडवी होते. परंतु बोट काढताच डोलत डोलत पुन्हा उभी राहते. २००८-०९ या वर्षात तंजावरच्या बाहुलीस भौगोलिक मानांकनही मिळाले. ही बाहुली ज्या रस्त्यावरच्या दुकानात मांडलेली असते, त्याच रस्त्यावर शेकडो मोटारसायकली उभ्या असतात. त्यांची गोष्ट अगदी उलट आहे. मोटारसायकल स्टँडवर चढविताना किंचित अधिक कलली, तर ती परत उभी राहत नाही. धरणाऱ्याच्या हातून निसटून जमिनीवर आदळते. आरसा फुटतो, ब्रेकचा दांडा वाकतो आणि कित्येकदा माणसाचा पायही खाली सापडतो.

बाहुली उठते आणि मोटारसायकल पडते, याचे कारण एकच नियम होय. तो नीट समजला म्हणजे असा अपघात टाळण्याचा मार्गही आपोआप सापडतो.

१. गुरुत्वमध्य आणि आधारक्षेत्र

कोणत्याही वस्तूच्या प्रत्येक कणास पृथ्वी आपल्याकडे ओढीत असते. या असंख्य ओढींचा एकत्रित परिणाम असा होतो की, जणू वस्तूचे सारे वजन एकाच बिंदूत साठविलेले आहे. या बिंदूस गुरुत्वमध्य म्हणतात. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीज या ग्रीक शास्त्रज्ञाने गुरुत्वमध्याविषयीचे सिद्धांत पद्धतशीरपणे मांडले होते.

वस्तू जमिनीस ज्या बिंदूंवर टेकलेली असते, ते बिंदू बाहेरच्या बाजूने रेषांनी जोडले असता जी आकृती तयार होते, तिला आधारक्षेत्र म्हणावे. तिवईचे आधारक्षेत्र त्रिकोणी असते, खुर्चीचे चौकोनी. आता गुरुत्वमध्यापासून एक ओळंबा खाली सोडला आहे अशी कल्पना करावी. ओळंब्याची रेषा आधारक्षेत्राच्या आत पडली तर वस्तू उभी राहते. बाहेर पडली तर वस्तू कलंडते. गवंडी भिंत बांधताना ओळंबा लावतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. वस्तू पडेल की नाही हे ती किती जड आहे यावरून ठरत नाही. गुरुत्वमध्य किती उंचावर आहे आणि आधारक्षेत्र किती रुंद आहे, यावरून ते ठरते.

२. मंदिराचे शिखर आणि दोन चाके

राजराज चोळ याने बांधविलेले बृहदीश्वराचे मंदिर इ. स. १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे शिखर जमिनीपासून सुमारे ६० मीटर उंच असून पायाची बाजू सुमारे ३० मीटर आहे. हिशेबाच्या सोयीसाठी हे शिखर म्हणजे एक भरीव सूची आहे असे समजू या. भरीव सूचीचा गुरुत्वमध्य पायापासून एक चतुर्थांश उंचीवर असतो. म्हणजे येथे १५ मीटरांवर. मध्यापासून पायाची कडही १५ मीटरच दूर आहे. तेव्हा असली सूची तब्बल ४५ अंशांतून कलविल्याखेरीज तिचा ओळंबा पायाच्या बाहेर जाणार नाही. खरे शिखर आतून पोकळ आहे आणि त्याचा खालचा भाग उभ्या भिंतींचा आहे, म्हणून हा आकडा तंतोतंत नव्हे. तथापि रुंद पाया आणि वर निमुळते होत जाणारे बांधकाम यांनी केवढे स्थैर्य मिळते, हे त्यावरून कळते.

आता मोटारसायकलीकडे वळू. १९५५ पासून मद्रास येथे बुलेट मोटारसायकली तयार होऊ लागल्या आणि तामिळनाडूच्या रस्त्यांवर त्या लवकरच ओळखीच्या झाल्या. आजच्या ३५० घन सेंटिमीटरच्या बुलेटचे वजन १९० किलोग्रॅमांच्या पुढे आहे. सोप्या हिशेबासाठी १८० किलोग्रॅम वजनाची आणि जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंचीवर गुरुत्वमध्य असलेली एक मोटारसायकल घेऊ. ती नुसत्या दोन चाकांवर सरळ उभी असताना तिचे आधारक्षेत्र म्हणजे दोन टायरांच्या टेकण्याच्या जागा जोडणारी एक अरुंद पट्टी असते. ही पट्टी दोन सेंटिमीटर रुंद धरली, तरी मोटारसायकल जेमतेम एक अंश कलताच ओळंबा पट्टीबाहेर जातो. मंदिराच्या बाबतीत ४५ अंश, येथे एक अंश!

मधल्या स्टँडवर, म्हणजे ज्याला पुष्कळ लोक डबल स्टँड म्हणतात त्यावर, स्थिती सुधारते. त्याचे दोन पाय आणि एक चाक मिळून त्रिकोण होतो. दोन पायांतील अंतर ३० सेंटिमीटर असेल, तर मोटारसायकल बाजूला कलंडण्यास जास्तीत जास्त १४ अंशांचा कल पुरतो. साइड स्टँडवर ती मुद्दाम डावीकडे कललेली असते. दोन चाके आणि स्टँडचा पाय यांच्या त्रिकोणात ओळंबा पडतो. यास्तव उभी ठेवलेली मोटारसायकल सहसा पडत नाही. ती पडते ती एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाताना. कारण त्या क्षणी जुना त्रिकोण मोडलेला असतो आणि नवा अजून तयार झालेला नसतो.

३. बाहुली का उठते?

येथे अशी शंका निघेल की, बाहुलीचा तळ तर गोल आहे. तिचे आधारक्षेत्र जवळजवळ एका बिंदूएवढेच. मग ती का पडत नाही?

या बाहुलीचा तळ अर्धगोलाकार आणि मातीचा, जड असतो; वरचा भाग कागदाच्या लगद्यासारख्या हलक्या पदार्थाचा असतो. त्यामुळे तिचा गुरुत्वमध्य फार खाली जातो. समजा, तळाच्या गोलाची त्रिज्या ५ सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून फक्त २ सेंटिमीटरांवर, म्हणजे गोलाच्या केंद्राच्या ३ सेंटिमीटर खाली आहे. बाहुली उजवीकडे ढकलली की गोल तळ उजवीकडे घरंगळतो आणि टेकण्याचा बिंदूही उजवीकडे सरकतो. गुरुत्वमध्य मात्र त्या बिंदूच्या डाव्या बाजूस मागे राहतो. तेथून वजन खाली ओढते आणि बाहुली डावीकडे परत फिरते. ३० अंश कलविली असता तिचा गुरुत्वमध्य २ सेंटिमीटरांवरून सुमारे २.४ सेंटिमीटरांवर चढतो. कोणतीही वस्तू मोकळी सोडली म्हणजे तिचा गुरुत्वमध्य शक्य तितका खाली येऊ पाहतो. बाहुलीला खाली येण्याचा मार्ग म्हणजे उभे राहणे हाच होय. अशा स्थितीस स्थिर समतोल म्हणतात.

मोटारसायकलीच्या टायरचा छेदही गोलच असतो. परंतु त्या गोलाची त्रिज्या थोड्या सेंटिमीटरांची आणि गुरुत्वमध्य त्याच्या केंद्राच्या कितीतरी वर. म्हणून मोटारसायकल उजवीकडे कलली की गुरुत्वमध्य टेकण्याच्या बिंदूच्या उजवीकडेच जातो, वजन तिला आणखी उजवीकडे ओढते आणि प्रत्येक अंशागणिक गुरुत्वमध्य खाली उतरतो. हा अस्थिर समतोल होय. गोल तळ दोघांनाही आहे. भेद एवढाच की एकीचा गुरुत्वमध्य केंद्राच्या खाली आहे आणि दुसरीचा वर.

४. हाताचे बळ केव्हा अपुरे पडते?

कललेली मोटारसायकल धरून ठेवण्यास किती जोर लागतो? बल आणि टेकूपासूनचे त्याचे अंतर यांच्या गुणाकारास परिबल म्हणतात. वजनाचे परिबल मोटारसायकलीस पाडू पाहते, हाताचे परिबल तिला सावरते. हात जमिनीपासून ९० सेंटिमीटरांवर असलेल्या हँडलवर आहेत असे धरले, तर आपल्या १८० किलोग्रॅमच्या मोटारसायकलीसाठी पुढील आकडे मिळतात.

५ अंश कल : सुमारे १० किलोग्रॅम वजनाइतका जोर
१० अंश कल : सुमारे २१ किलोग्रॅम
२० अंश कल : सुमारे ४१ किलोग्रॅम
३० अंश कल : ६० किलोग्रॅम

पाच अंशांपर्यंत शाळकरी मुलगाही ती सावरू शकेल. वीस अंशांवर धडधाकट माणसाचीही दमछाक होईल. आणि तीस अंशांवर लागणारा जोर एका माणसाच्या वजनाएवढा असतो. शिवाय हे आकडे स्थिर धरण्याचे आहेत. पडत असलेल्या मोटारसायकलीस वेग आलेला असतो. तिला थांबविण्यास याहून अधिक जोर हवा. पडण्यास सुरुवात झाल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत एखादा सेकंद जातो. एवढ्या वेळात विचार करणे शक्य नसते; म्हणून विचार आधीच केलेला असावा.

५. स्टँडवर चढविण्याची रीत

मधल्या स्टँडला पायाने दाबावयाचा एक दांडा असतो. ही एक तरफ आहे. मोटारसायकल ३ सेंटिमीटर उचलली जाते आणि पाय २५ सेंटिमीटर खाली जातो असे मानले, तर १८० किलोग्रॅमांसाठी पायाने सुमारे २२ किलोग्रॅमांचाच दाब द्यावा लागतो. घर्षणामुळे तो काहीसा वाढेल. तरीही माणसाच्या अंगाच्या वजनाने हे काम सहज होते. येथे हातांनी उचलण्याचा अट्टाहास केला की पाठीस इजा होते आणि तोलही जातो.

योग्य क्रम असा : मोटारसायकलीच्या डाव्या बाजूस उभे राहावे. हँडल सरळ ठेवून डाव्या हाताने त्याची मूठ आणि उजव्या हाताने मागची पकडपट्टी धरावी. उजव्या पायाने दांडा हलकेच दाबावा व स्टँडचे दोन्ही पाय जमिनीस टेकले आहेत याची खात्री करून घ्यावी. ही खात्री फार महत्त्वाची आहे. एकच पाय टेकला असता जोर दिला, तर मोटारसायकल दुसऱ्या बाजूस कलंडते. नंतर अंगाचे सारे वजन दांड्यावर द्यावे आणि उजव्या हाताने मोटारसायकल वर व मागे ओढावी.

दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये मागचे चाक उचलण्यासाठी चाकांचा, लांब दांड्याचा स्टँड वापरतात. त्यास पॅडॉक स्टँड म्हणतात. तरफेच्या लांबीमुळे त्यास जोर फार थोडा लागतो. धोका निराळाच आहे. स्टँड लावणारा मोटारसायकलीच्या मागे वाकलेला असतो, त्यामुळे हँडल त्याच्या हातात नसते. साइड स्टँडवर डावीकडे कललेली मोटारसायकल तो सरळ करतो, तेव्हा साइड स्टँड जमिनीवरून सुटतो. पॅडॉक स्टँडची एकच बाजू नीट अडकलेली असेल, किंवा सरळ करण्याच्या ओढीत मोटारसायकल उजवीकडे झुकली, तर त्या बाजूस तिला कसलाच आधार नसतो. म्हणून हँडल धरण्यास दुसरा माणूस घ्यावा. माणूस नसेल तर एका हाताने मोटारसायकल सरळ धरून, स्टँडच्या दोन्ही बाजू बसल्या आहेत हे पाहून मगच दांडा दाबावा. पुढचे चाक घरंगळू नये म्हणून पुढच्या ब्रेकचा दांडा पट्ट्याने आवळून ठेवावा.

जमिनीकडेही लक्ष हवे. तंजावरसारख्या नदीकाठच्या प्रदेशात पावसानंतर माती मऊ होते आणि स्टँडचा लहानसा पाय तीत रुततो; उन्हाळ्यात डांबराचेही तसेच होते. पायाखाली लाकडाची फळी ठेवली की वजन अधिक जागेवर पसरते. उतारावर मोटारसायकलीचे तोंड चढाच्या दिशेने ठेवावे. उताराकडे तोंड असल्यास ती पुढे सरकून स्टँड मिटण्याचा संभव असतो.

६. पडू लागली तर

कल थोडा असतानाच सावरणे शक्य असते. ती मर्यादा ओलांडली की हात सोडून मागे सरावे. वाकलेला दांडा बदलता येतो. मोडलेले हाड भरून येण्यास महिने लागतात. पडल्यावर इंजिन बंद करावे, पेट्रोल सांडत असल्यास जवळ विस्तव येऊ देऊ नये, तापलेल्या सायलेन्सरास हात लावू नये. उचलताना सीटकडे पाठ करून गुडघ्यांत वाकावे, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची चौकट धरावी आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे सरकत जावे. उजव्या कुशीवर पडली असल्यास साइड स्टँड आधीच उघडून ठेवावा. नाही तर उभी होताच ती डावीकडे पडेल.

अभ्यासासाठी

१. नारळाच्या करवंटीच्या तळाशी ओली माती थापून वर कागदाची हलकी बाहुली बसवावी. ती उठते का ते पाहावे. नंतर बाहुलीच्या डोक्यावर थोडी थोडी माती चिकटवीत जावे. कोणत्या क्षणी ती उठेनाशी होते? त्या वेळी गुरुत्वमध्य कोठे पोहोचला असावा?

२. पुठ्ठ्याचा वेडावाकडा तुकडा कडेच्या दोन निरनिराळ्या ठिकाणी टाचणीने टांगावा. प्रत्येक वेळी ओळंब्याची रेषा आखावी. त्या रेषा जेथे छेदतात तो गुरुत्वमध्य होय. पेन्सिलीच्या टोकावर तेथे पुठ्ठा तोलून पडताळा घ्यावा.

३. मोटारसायकलीच्या मागच्या सीटवर धान्याचे पोते बांधले, तर गुरुत्वमध्य वर जाईल की खाली? स्टँडवर चढविण्यापूर्वी पोते उतरविणे का इष्ट आहे?