सही करण्याआधी विचारा

कन्फर्म तिकीट हातात आहे, वेळेत विमानतळावर पोचलो आहोत, तरीही विमान कंपनी आपल्याला मागे ठेवू शकते. पुष्कळ प्रवाशांना हे ठाऊक नसतं. आणि असं मागे ठेवलं तर कंपनीला त्याची भरपाई द्यावी लागते, हे त्याहूनही कमी जणांना ठाऊक असतं. मी ते पुण्याच्या विमानतळावर शिकले. त्यानंतर नियम मुळातून वाचले, ओळखीपाळखीच्या लोकांना तक्रारी लिहून दिल्या. त्यातून जे हाती आलं, ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

आत्याच्या नातवाची देहरादूनला भारतीय सैन्य अकादमीत पासिंग आउट परेड होती. संध्याकाळच्या विमानाने दिल्ली आणि तिथून पुढे रस्त्याने, असा बेत होता. काउंटर उघडं असतानाच आम्ही रांगेत होतो. आमची पाळी आली तेव्हा पलीकडचा तरुण म्हणाला, "मॅडम, विमान भरलंय. तुम्हाला उद्या दुपारच्या विमानात बसवतो." आत्याने शांतपणे विचारलं, "अहो, आमचं तिकीट आहे ना? मग आमची जागा गेली कुठे?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. आम्ही स्वखुशीने नंतरचं विमान घेत आहोत आणि आमची कंपनीकडून काही मागणी नाही, असं त्यावर लिहिलं होतं. सोबत जेवणाची कुपनं होती.

आमच्या पुढच्या कुटुंबाने त्यावर सही केली होती. मी कागद परत दिला. "आम्ही स्वखुशीने थांबत नाही आहोत. जागा नाकारली, असं लिहून द्या," एवढंच मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. बऱ्याच वेळाने ड्युटी मॅनेजर आले आणि त्यांनी तसा शेरा दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही आणि ते कुटुंब एकाच विमानातून गेलो. परेड आत्याला पाहता आली, आदल्या संध्याकाळची नातवाची भेट मात्र हुकली. पुढे ई-मेल आणि तक्रारीनंतर आम्हा दोघींना प्रत्येकी ८,४०० रुपये मिळाले. त्या कुटुंबाला कुपनांपलीकडे काहीच मिळालं नाही. त्यांनी आमच्याइतकंच सोसलं होतं, पण कागदावर त्यांची खुशी नोंदली गेली होती.

जास्त तिकिटं का विकतात

रिकामी गेलेली खुर्ची विमान कंपनीला पुन्हा विकता येत नाही. काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, म्हणून त्यांचा अंदाज घेऊन कंपन्या जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. हे गैर नाही, त्यामुळे भाडीही आटोक्यात राहू शकतात. प्रश्न अंदाज चुकला तर काय, हा आहे. ती चूक कंपनीला महाग पडत असेल तर ती अंदाज जपून बांधते. ती प्रवाशाच्या अंगावर ढकलता येत असेल, तर जपण्याचं कारणच उरत नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम इथेच लागू होतो. त्यानुसार कंपनीने आधी स्वखुशीने थांबणारे प्रवासी शोधायचे आणि त्यांना काही लाभ देऊ करायचा. तरीही कुणाला इच्छेविरुद्ध मागे ठेवलं आणि मूळ वेळेपासून तासाभरात दुसरं विमान दिलं, तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत दिलं तर मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या बेरजेच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. पर्यायी विमान नको असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि शिवाय हीच चौपट भरपाई. आमच्या तिकिटावर मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून ४,२०० रुपये होते, म्हणून ८,४००.

२०१० साली या भरपाईची कमाल मर्यादा ४,००० रुपये होती. २०१६ मध्ये ती २०,००० झाली. पण सरसकट 'स्वखुशी'चे कागद भरून घेतले, तर वाढलेली रक्कमही कागदावरच राहते. जून २०२२ मध्ये डीजीसीएने तपासणी करून, जागा नाकारलेल्या प्रवाशांना भरपाई न दिल्याबद्दल एका मोठ्या विमान कंपनीला १० लाख रुपये दंड केला. हिशेब करून पाहा: कमाल भरपाई धरली तर ही रक्कम अवघ्या पन्नास प्रवाशांची होते. वर्षाकाठी लाखो प्रवासी नेणाऱ्या कंपनीला दंड भरणं स्वस्त की नियम पाळणं, हे यावरून कळतं.

शिकागोत एप्रिल २०१७ मध्ये विमानात बसलेल्या एका प्रवाशाला जागेसाठी ओढत बाहेर काढलं गेलं. त्याची चित्रफीत जगभर पाहिली गेली. त्यानंतर त्या विमानाच्या कंपनीने, युनायटेड एअरलाइन्सने, स्वखुशीने जागा सोडणाऱ्याला १०,००० डॉलरपर्यंत देण्याची तयारी दाखवली. बळजबरी महाग झाल्यावर स्वखुशीला खरी किंमत आली. आपल्याकडेही ती यायला हवी, आणि त्याची सुरुवात काउंटरवरच्या त्या कागदापासून होते.

तिकीट काढताना

स्वतःचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेलच द्या. एजंटाने त्याचा क्रमांक टाकला तर विमान रद्द झाल्याचा निरोप त्याला जातो, आणि प्रवाशाचा संपर्क उपलब्ध नव्हता म्हणून कंपनी भरपाई नाकारू शकते.

भाड्याची फोड जपून ठेवा. तिकीट 'परतावा नाही' प्रकारचं असलं तरी रद्द केल्यावर सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मिळायला हवेत. रद्द करण्याचं शुल्कही मूळ भाडं आणि इंधन आकार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. रक्कम लहान म्हणून आपण सोडून देतो. हजारो जणांनी सोडलेली लहान रक्कम कंपनीकडे मोठी होऊन जमते.

पैसे भरण्याआधी पानावरची प्रत्येक खूण तपासा. न मागता जोडलेला विमा, शेवटच्या पायरीवर वाढणारी किंमत, 'मला सुरक्षितता नको' असं म्हणायला लावणारं बटण, या युक्त्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून बंदी घातली आहे. पडद्याचा फोटो काढून ठेवलात तर तक्रारीत तोच पुरावा.

विमानतळावर

काउंटरवर पोचल्याची वेळ सिद्ध करता आली पाहिजे. रांगेतला, वेळ दिसणारा एक फोटो पुरतो. उशिरा आलात, असं नंतर कुणी म्हणू नये.

वाचल्याशिवाय कशावरही सही करू नका. खरोखर घाई नसेल आणि देऊ केलेला मोबदला पटत असेल तर स्वखुशीने थांबायला हरकत नाही. पण मोबदला आधी ठरवा, लिहून घ्या, मग सही करा. भरपाई रोख किंवा बँकेत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. तिच्याऐवजी प्रवासाचं व्हाउचर द्यायचं तर तुमची लेखी संमती लागते.

विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नसेल, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतली कमी असेल ती भरपाई मिळते. हवामान, संप, सुरक्षेचा धोका अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांत ती मिळत नाही. म्हणून कारण लेखी मागा. 'खराब हवामान' सांगत असतील, तर त्याच वेळी त्याच मार्गावर इतर कंपन्यांची विमानं जात आहेत का, हे फलकावर पाहा आणि फलकाचा फोटो घ्या.

अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यांतला पर्याय द्यावा लागतो. रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतलं विमान सहा तासांहून जास्त रखडलं तर हॉटेलची सोय. कमी भाड्याची कंपनी आहे म्हणून किमान सोयी नाकारता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये धुक्यात अडकलेल्या एका प्रवाशाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

आणि समोरच्या तरुणावर ओरडू नका. नियम त्याने केलेले नसतात. त्याच्या हातात असतो तो फक्त शेरा, आणि तोच आपल्याला हवा असतो.

घरी आल्यावर

आधी कंपनीला ई-मेल करा. त्यात पीएनआर, तारीख, घटना, नियमानुसार किती रक्कम येते, एवढंच लिहा. मनस्तापाचं वर्णन दोन ओळींत आटपा. उत्तर नाही आलं तर केंद्र सरकारच्या 'एअरसेवा' संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ पुण्या-मुंबईत सत्तरच्या दशकात उभी राहिली. तिचे कार्यकर्ते अशा अर्जांत आजही मदत करतात.

नियम करणाऱ्यांकडेही पाहा

स्वतःची भरपाई मिळाली की आपण थांबतो. तिथे थांबू नये, असं मला कळकळीने वाटतं, कारण भाडं, सुरक्षा आणि गावचा विमानतळ हे सगळंही नियम कुणाला महाग पडतो, याच हिशेबावर चालतं.

वैमानिकांच्या थकव्यामुळे डीजीसीएने त्यांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा घातली. या नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यासाठीची तयारी अपुरी पडली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकले, इतर विमानांची भाडी भडकली. सरकारला भाड्यांवर कमाल मर्यादा आणावी लागली, आणि त्याच कंपनीला रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूटही द्यावी लागली. देशातल्या निम्म्याहून जास्त प्रवाशांची वाहतूक एकाच कंपनीकडे असली, की तिची अडचण देशाची अडचण होते आणि नियामकाचा हात आखडतो. त्या दिवसांत आपण सगळे एकच मागत होतो, विमान सोडा. वैमानिकाची झोप ही आपलीच सुरक्षा आहे, हे सांगणारे थोडे होते.

उडान योजनेचंही असंच. लहान शहरांच्या मार्गांवर कंपनीचा तोटा भरून देण्यासाठी सरकार तीन वर्षं अनुदान देतं. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. तीन वर्षं पूर्ण केली ती ११२ मार्गांनी, आणि त्यांतले ५४ मार्गच त्यापुढे टिकले. सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला थाटात सुरू झाला. अनुदानाची तीन वर्षांची मुदत संपली आणि मुंबईचं विमान थांबलं. उद्घाटनाचं श्रेय पहिल्या दिवशी मिळतं, विमान टिकवण्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही. मग टिकवण्यासाठी धडपड कोण करणार?

म्हणून खासदार-आमदार गावात विमानतळाची घोषणा करतील तेव्हा टाळ्यांआधी विचारा, चौथ्या वर्षी काय? दंड जाहीर झाला तर विचारा, पैसे सरकारजमा झाले की प्रवाशांना मिळाले? डीजीसीए नियमांचे मसुदे हरकतींसाठी जाहीर करतं. कंपन्यांच्या हरकती तिथे वेळेत पोचतात, कारण ते काम करायला त्यांच्याकडे पगारी माणसं असतात. प्रवाशांकडून एक पानही गेलं नाही, तर मसुदा कुणाच्या सोयीने बदलेल हे सांगायला नको. तुमच्यावर असा प्रसंग आला असेल, तर तारीख, पीएनआर आणि काय हवं होतं, हे लिहा आणि पाठवा. नियम कुणाला महाग पडावा हे त्या पानांवरूनही ठरू शकतं.