कॅमेऱ्यातले घड्याळ

छायाचित्रांसाठी बनविलेले डिजिटल कॅमेरे चलच्चित्रही घेतात. २००८ सालचा निकॉन डी९० सेकंदाला २४ चित्रे टिपत असे. तुमचा कॅमेरा २५ टिपत असेल, तर लागोपाठच्या दोन चित्रांमधला काळ ०.०४ सेकंद. हेच आपले घड्याळ!

भिंतीवर मीटरपट्टी उभी लावून तिच्याजवळून चेंडू सोडा. सुटण्याच्या क्षणाचे चित्र शून्य मानले, तर ५ व्या चित्रात चेंडू सुमारे १९.६ सेंमी आणि १० व्यात ७८.४ सेंमी खाली दिसेल. काळ दुप्पट, अंतर चौपट! दुप्पट अंतराला काळाच्या वर्गाने भागा. गुरुत्व त्वरण मिळेल.

मात्र १० व्या चित्राच्या वेळी वेग सेकंदाला ३.९ मीटर असतो. शटर १/५० सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात चेंडू ८ सेंमी सरकून चित्र पुसट होते व मोजणी फसते. १/१००० सेकंदात तो जेमतेम ४ मिमी सरकतो. पण तेव्हा प्रकाशही कमी मिळतो. म्हणून प्रयोग भर उन्हात करावा.