आधी फाईल, मग ब्रह्मकमळ

अगं, त्या पिशवीला हात कधी लावणार आहेस? कोर्टातून आणलेले कागद अजून त्याच कापडी पिशवीत, आणि पिशवी दारामागच्या खुंटीला. तू येता-जाता तिच्याकडे न बघता पुढे जातेस, हे मला फोनवरही कळतं. खरं सांगू का, सत्तेचाळिसाव्या वर्षी एकटीनं घर मांडायची धास्ती वाटते म्हणून तुझ्यात काही कमी आहे असं नाही. पण ‘मन सावरलं की कामाला लागेन’ हे मात्र डोक्यातून काढ. मनाला लागेल तेवढा वेळ लागू दे, तोवर हात चालू ठेव.

फाईल आण, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या हुकुमाची एक प्रत दोघांनाही फुकट द्यायची तरतूद आहे, ती सगळ्यात वर लाव. शिवाय दोन-चार प्रमाणित प्रती काढून घे, कारण प्रत्येक खिडकीवर ‘ओरिजिनल दाखवा’ म्हणणारा कुणीतरी बसलेला असतोच. माहेरचं नाव परत लावायचं का, हे आज ठरलं नाही तरी चालेल. लावायचं ठरलंच, तर आधी राजपत्र, मग आधार, मग पॅन, मग बँक, असं जा. मी उत्साहात आधी बँकेतच जाऊन धडकले होते. मग काही दिवस आधारवर एक बाई आणि पासबुकात दुसरी, अशा आम्ही दोघी एकाच साडीत फिरत होतो!

आता पैशाचं बघ, इथे मी जरा दटावूनच बोलणार आहे. एकरकमी पोटगी हातात आली की अचानक सगळ्यांना तुझी काळजी वाटायला लागते. मावसभावाला फ्लॅट दाखवायचा असतो, ओळखीचे काका पतसंस्थेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून फॉर्म घेऊन येतात. चहा दे, फॉर्म ठेवून घे, सही करू नकोस. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत व्याजासकट ५ लाखांपर्यंत विम्याचं कवच असतं, पतसंस्थेला ते नसतं. म्हणून रक्कम दोन-तीन बँकांत वाटून ठेव आणि वर्षभर तरी तिला शांत पडू दे. घर घ्यायचं, गावी जायचं, व्यवसाय काढायचा, हे सगळं वर्षानंतर. तोवर भाड्याच्या वन बीएचकेत कुणाचं काही अडत नाही.

नॉमिनी बघितलास का? नसणारच बघितलास. कोर्टानं हुकूम दिला म्हणून बँकेतलं नवऱ्याचं नाव आपोआप पुसलं जात नाही गं, फॉर्म भरावा लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्याला चार नॉमिनी देता येतात, तेव्हा लेक की मुलगा, हा घोळही मिटला. त्याच फेरीत भविष्य निर्वाह निधीचं बघून घे. आणि नवऱ्याच्या ऑफिसच्या आरोग्य विम्यात तुझं नाव होतं ना? ते आता धरू नकोस. स्वतःची पॉलिसी लगेच काढ. बीपीची गोळी चालू आहे ते लपवू नकोस. असलेल्या आजारासाठी थांबायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते, आणि ती पॉलिसी काढल्यापासून मोजतात. म्हणजे तू जितकी उशिरा काढशील, तितकी ती पुढे जाणार.

लोक विचारतील. लिफ्टमध्ये विचारतील, लग्नाच्या पंगतीत विचारतील. ‘आम्ही वेगळे झालो’ एवढंच म्हण आणि कोशिंबीर वाढायला सांग. संक्रांतीला कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नाही तर तिळगूळ तू वाट, बोलवायच्या बायका तू ठरव.

तिन्हीसांजेचं मात्र मला माहितेय. सात वाजतात, कुकर लागतो, आणि भात चौघांचा होऊन बसतो. त्या वेळेसाठी एक जादू सांगते, हसू नकोस. कुणाकडून तरी ब्रह्मकमळाचं पान आण आणि कुंडीत खोच. आपण पान म्हणतो, ते खरं तर खोडच. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, हे आपल्या गॅलरीतलं निवडुंगाच्या कुळातलं, मूळचं मेक्सिकोकडचं, तरी आपण त्याला उदबत्ती ओवाळतोच. पाणी बेताचं घाल, भर उन्हात ठेवू नकोस, आणि घाई करू नकोस, फुलायला दोन-तीन वर्षंही घेतं. घर बदललंस तर कुंडी टेम्पोत तुझ्या मांडीवर.

एखाद्या पावसाळ्यात कळी मान वर काढेल. तेव्हा मजल्यावर सांगून टाक, रात्री दहाला या. माझ्याकडे जिन्यात कधी मान वर न करणारी माणसं गाऊन आणि बर्मुड्यात उभी होती, कुणी मोबाईल धरलेला, कुणी पोराला कडेवर घेतलेलं. तासभर पाकळ्या हलताना बघत होते सगळे, आणि माझा नवरा कुठे आहे हे एकालाही आठवलं नाही! पहाटे फूल मिटून खाली लोंबलं, पण चौथ्या मजल्यावरच्या वहिनी सकाळी पान मागायला आल्या, त्या अजून येतात.

बरं, आता ऊठ. पिशवी काढ, कागद तारखेप्रमाणे लाव, आणि विम्याचा जुना नंबर सापडला की मला फोन कर. माझ्या पोळ्या चालू असतील, रिंग जरा जास्त वाजू दे.