काजूच्या हंगामात गोचिडीपासून सांभाळा



माझं घर लालबागला. शिमग्याला गावी जायचं आणि काजूच्या बागेत हुंदडायचं, हे आम्हा चाकरमान्यांच्या पोरांचं ठरलेलंच. एका वर्षी परतताना तुतारी एक्स्प्रेसमध्ये आईला माझ्या कानामागे काहीतरी काळं दिसलं. तीळ वाटला, पण तो हलला! गोचीड होती. आईने ती नखाने ओढली आणि तिथेच चिरडली. मला काही झालं नाही, पण तेव्हा आपण काय चुकलो ते मला पुढे या कामात आल्यावर कळलं.

चिलटं, डास, गोमाशी चावली की लगेच कळतं, आपण हात मारतो. गोचिडीचं पिल्लू खसखशीएवढं असतं आणि त्याचा चावा दुखत नाही. म्हणून ते जास्त धोक्याचं. या पिल्लांमधून माकडताप पसरतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. आपल्या सिंधुदुर्गात २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आला, पुढच्या वर्षी बांद्याकडे. माकडतापाचा जोर जानेवारी ते मे. नेमका तेव्हाच आपला काजू, सरपण आणि भाजावळीसाठी पातेरा गोळा करण्याचा हंगाम! पातेऱ्यात हात घालतो कोण? बहुतेक वेळा आपणच बायका.

मग जायचंच नाही का? असं मी म्हणणार नाही, हंगामाची मजुरी बुडवून घर चालत नाही. पण जाताना घरातला पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. साडीच्या आत लेगिंग किंवा सलवार घालून तिची टोकं मोज्यात खोचा. लोक हसतील, हसू दे. कपडे फिक्या रंगाचे असले तर गोचीड दिसते. गोचीड दूर ठेवणारं, अंगाला लावायचं तेल मिळतं का, ते आशाताईंना विचारा. जेवायला, टेकायला पातेऱ्यावर बसू नका.

घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि साबणाने आंघोळ करा. मग एकमेकींचं अंग तपासा: केसांत, कानामागे, काखेत, गुडघ्यामागे आणि परकराची नाडी बांधतो तिथे. ही शेवटची जागा हमखास राहून जाते. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल नको, काडीचा चटका नको, नखाने चिरडणं तर नकोच. नंतर जागा आणि हात साबणाने धुवा. रानात चरून येणारी गुरं गोचीड घरापर्यंत आणतात, म्हणून त्यांच्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा.

चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकदम जोराचा ताप येतो. डोकं, अंग, कंबर सगळं ठणकतं, उलट्या होतात, काहींना नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. काहींचा ताप उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा चढतो. शंभर रुग्णांत तीन ते पाच जण दगावतात. यावर खास औषध नाही, पण वेळेत दाखल झालं तर सलाईन आणि देखरेखीने बहुतेक जण बरे होतात. "हंगाम संपू दे, मग जाते," असं मी बैठकीत ऐकलं आहे. ताई, असं करू नका. दुकानातून अंगदुखीची गोळी आणून घेऊ नका, काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांना आधी हे सांगा, "मी रानात गेले होते." एवढ्या एका वाक्याने रक्ताची योग्य तपासणी लवकर होते.

हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे आजारी बाईला वाळीत टाकू नका, तिला दवाखान्यात सोबत करा. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, हात लावू नका, लगेच आरोग्य केंद्राला किंवा वनरक्षकाला कळवा. आणि शिमग्याला मुंबईहून आलेल्या पोरांना बागेत नेलंत, तर गाडीत बसवण्याआधी त्यांचे कान नक्की बघा.

पुढच्या बैठकीत ठरवा: दवाखान्याच्या गाडीभाड्यासाठी गटातून लगेच किती रक्कम देता येईल, आणि रात्री-अपरात्री ती कोणाकडे मागायची?