नेट मीटर असताना बॅटरी कशाला?

प्रश्न : आमच्या छतावर ३ किलोवॉटचे सोलर आहे. दुपारची जादा वीज महावितरणकडे जाते आणि रात्री तेवढी परत मिळते. मग सौर विजेला साठवणुकीची जोड हवी, असे का म्हणतात? – एक वाचक, सातारा

उत्तर : नेट मीटरवर जमा होतो तो फक्त युनिटांचा हिशेब. तारांमध्ये वीज साठून राहत नाही. तयार झाली त्याच क्षणी ती कुठेतरी वापरली जावी लागते. तुमची जादा वीज दुपारीच शेजारच्या घरांत, दुकानांत खर्ची पडते. रात्री तुम्हाला मिळते ती बहुतांशी कोळशावर तेव्हाच तयार झालेली असते.

गल्लीत दोन-चार घरांवरच पॅनेल असतील तर काही बिघडत नाही. पण एकाच डीपीवरच्या बहुतेक घरांनी सोलर बसवले, की भर दुपारी वीज उलटी डीपीकडे वाहू लागते आणि २३० असायला हवे ते व्होल्टेज चढते. ते मर्यादेबाहेर गेले की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो आणि लख्ख उन्हातली वीज वाया जाते. संध्याकाळी सातला पॅनेल थंडावलेली असतात, नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात. कोळशाच्या संचांना इतक्या झटपट उत्पादन वाढवणे जड जाते.

दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखायची सोय तीन ठिकाणी करता येते. घरात बॅटरी ठेवता येते. डीपीजवळ सगळ्या गल्लीसाठी एकच मोठी बॅटरी बसवता येते. सगळ्यांची गरज एकाच वेळी शिगेला पोचत नसल्याने ती तुलनेने लहान असली तरी पुरते. तिसरी जागा धरणाची. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात मागणी कमी असताना खालच्या जलाशयातले पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करतात.

तुमच्याकडे लाईट क्वचितच जात असेल, तर आज बॅटरीवर खर्च करू नका. पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी चालवा; ग्रिडवरचा ताण तेवढाच हलका होईल. लाईट वारंवार जात असेल, तर मात्र हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर लाईट गेली की बंद होतो, कारण लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका नको.

आणि सोसायटीत किंवा ग्रामसभेत सोलरचा विषय निघेल, तेव्हा सामायिक बॅटरीची मागणी आवर्जून मांडा.