पद्मिनी की जुनी मारुती?

चि. बाळास,

मारुती जास्त पळते, पेट्रोल कमी खाते, म्हणून पद्मिनीपेक्षा तीच सरस, हा तुझा हिशेब मला पटला नाही. गाडी ज्या काळात घडली त्या काळाची गरज काय होती, ते आधी बघावं.

पद्मिनीचं मूळ १९५३ च्या इटालियन फियाट ११०० मध्ये. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. चार सिलिंडर, १०८९ सीसी, ताकद मागच्या चाकांना. तेव्हा परवाना-राज होतं. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे. म्हणून एकदा दारात आलेली गाडी जन्मभर दुरुस्त होत राहायला हवी होती, आणि ही होते. बॉनेट उघडलंस की हात घालायला जागा आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढ, पॉइंटमधली फट फीलर गेजने लाव, टॅपेटचा आवाज कान देऊन ऐक. इंजिन कुठे कुरकुरतंय ते हळूहळू तुझं तुलाच कळू लागेल. मुंबईचे टॅक्सीवाले २०२३ पर्यंत तिला उगाच नाही धरून राहिले.

मारुती आली डिसेंबर १९८३ मध्ये. पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद पुढच्या चाकांना. सकाळी किल्ली फिरवायची आणि निघायचं, हे सुख मध्यमवर्गाला तिनेच दिलं. तिला कमी लेखू नकोस. १९८६ मध्ये तिची बॉडी बदलली, त्यामुळे आधीची घडण आता क्वचित दिसते आणि तिचे दिवे, काचा शोधत फिरावं लागतं.

तुला हात काळे करून शिकायचंय, म्हणून मी पद्मिनीच घे म्हणेन. मात्र इंजिनावर भाळू नकोस. इंजिन जुना मिस्त्री बांधून देईल. सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो. या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडीच सगळा भार पेलते. त्यात गाडी कोकणपट्टीत राहिलेली असेल तर खारी हवा पत्रा आतून खाते. जाताना लोहचुंबक ने. दाराखालच्या पत्र्यावर, चाकांच्या कमानींवर फिरव. जिथे चिकटणार नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे असं समज. मॅट उचलून खालचा पत्रा अंगठ्याने दाबून पाहा.

‘विंटेज आहे’ या दलालाच्या शब्दावर जाऊ नकोस. ती नोंदणी पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीलाच मिळते, आणि अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. तुला तर ती कॉलेजला न्यायची आहे. तेव्हा साधीच नोंदणी चालू आहे ना, फिटनेस कधीपर्यंत आहे, हे बघ. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून घे. तोवर एक रुपयाही बयाणा देऊ नकोस.

तुझा,
मामा